अकराव्या गोष्टीला कुलूप

मुलुंड पूर्व
१२ सप्टेंबर २०२५

चि. हर्षद,
आशीर्वाद.

तुझे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. आता कानाला काही लावायचं नाही, असं निवृत्तीच्या दिवशीच ठरवलंय. हे माहीत असूनही तू फोन करतोस. ईमेल करत जा. बोरिवलीहून मुलुंडला यायला तुला अर्धा दिवस लागतो, ईमेलला लागत नाही.

कामाचं बोलते. तू मला सत्तरीला ती वेबसाइट करून दिलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता गुरुवारची वाट बघते. दुपारी जेवण आटपलं की खिडक्या लावून घेते, फोन समोर ठेवते आणि एक्स्चेंजमधली एक गोष्ट सांगते. ती आपल्या माणसांच्या फोनवर आपोआप जाते. तुझी रुचिरा सांगत होती, ती गोष्ट ऐकत पोळ्या लाटते. आपला नितेश रिक्षात ऐकतो. चौदा गोष्टी झाल्या. माझ्याकडे एवढ्या असतील असं मलाच वाटलं नव्हतं.

आता अडचण. किती जणांनी ऐकलं तो आकडा बघायला तू मला शिकवलास ना? आपली घरची माणसं बारा. वहीत नावं लिहून मोजली. आकडा तेरा दाखवतो. कुणी दोन फोनवर ऐकत असेल म्हणून सगळ्यांना विचारलं, कुणी नाही. तीन आठवडे झाले, तेराच. आणि तेरावा हा शब्द मला मुळातच आवडत नाही.

पासवर्ड तर तू लावला होतास. मग हा आत आला कसा?

तुझी आत्या,
जानकी


बोरिवली
१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी

आत्या,
नमस्कार.

आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. वाट लागली आहे आणि ती मीच लावली आहे.

तुझ्या वेबसाइटच्या पानाला पासवर्ड आहे आणि तो नीट चालतोय. पण ते पान आपल्यापैकी कुणी उघडतच नाही. आपण फोनवरच्या ॲपमध्ये ऐकतो, आणि ॲपला लागते फीड. आरएसएस फीड म्हणतात तिला. म्हणजे एक यादी समज. तू नवी गोष्ट टाकलीस की यादीत एक ओळ वाढते. ॲप दर तासाला येऊन यादी बघतं, नवी ओळ दिसली की ती गोष्ट उचलून माणसाच्या फोनवर नेतं. मी घराला कुलूप लावलं आणि यादी बाहेर जिन्यात टांगून ठेवली. यादीला वेगळं कुलूप लागतं, ते मी लावलंच नाही. याच कामाचा मी पगार घेतो, म्हणून जास्त लाज वाटते.

त्यात नितेशनं एका ॲपमध्ये आपल्या फीडचा पत्ता टाकला. त्या ॲपची पद्धत अशी की कुणी नवा पत्ता टाकला की तो सगळ्यांच्या शोधात दिसायला लागतो. आता कुणी 'मराठी गोष्टी' असं शोधलं की तू समोर येतेस. नितेशला दोष देऊ नको, त्याला मी सांगायला हवं होतं.

तुझा तेरावा मुंबईतला आहे, एवढंच कळतं. आठवड्याला दोन-तीन ऐकतो, पहिलीपासून क्रमानं. आठवी झाली. चांगला श्रोता आहे गं, एकही अर्धी सोडलेली नाही.

या आठवड्यात ऑफिसचं काम अंगावर आहे. शनिवारी निवांत बसतो आणि कुलूप लावतो.

हर्षद


मुलुंड पूर्व
१४ सप्टेंबर, संध्याकाळी

हर्षद,

शनिवारी नाही. आज.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडून लिहून घेतलं होतं, कानावर पडेल ते बाहेर बोलायचं नाही. मी छत्तीस वर्षं पाळलं. तुझ्या आतोबांनाही कधी काही सांगितलं नाही, आणि ते विचारायचे. आता घरातल्या घरात बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं. नावं घेतली नाहीत, बहुतेक गोष्टी गमतीच्या आहेत, त्या कुणी ऐकल्या तर ऐकल्या. अकरावी तशी नाही. तू ती ऐकताना झोपलास असं रुचिरा म्हणाली, म्हणून परत सांगते.

पंच्याऐंशी सालचा ऑक्टोबर. तेव्हा परदेशचा फोन आमच्या हातून जायचा. बहारीनहून एक कॉल आला, मरोळच्या एका बेकरीतल्या फोनवर. बेकरीवाल्यानं गावठाणातल्या एका मुलीला बोलावून आणायचं, ती आली की मी जोडून द्यायचं. ती आली. तीन मिनिटं मोजायची म्हणून मला लाइनवर राहावं लागायचं. मुलगा क्रेनवर कामाला होता. तो म्हणाला, "उद्या नव्या करारावर सही करायची आहे, दोन वर्षांसाठी. करू की परत येऊ? परत आलो तर लग्न करशील?"

खरखर होती. बेकरीत माणसं बोलत होती. मग खट्ट आवाज, लाइन गेली.

मी बेकरीला परत लावला. कुणी उचलेना. तिकडून मुलगा विचारतोय, "मॅडम, ती काय म्हणाली?" मी म्हणायला पाहिजे होतं की पार्टी लाइनवर नाही, उद्या परत कॉल बुक करा. तसा नियम होता. पण उद्या त्याची सही होती. त्याचा आवाज असा होता, हर्षद, की मी म्हटलं, "हो म्हणाली. या परत."

आणि ती हो म्हणाली की नाही ते मी ऐकलंच नव्हतं.

कॉल संपला. पुढचा लागला. पण चाळीस वर्षं झाली, मरोळचं नाव निघालं की तेच मनात येतं. लग्न झालं असेल का, नांदले असतील का, का त्या मुलीच्या गळ्यात मी नको ते बांधलं. हे मी घरच्यांपाशी बोलले, मन हलकं करायला. तो तेरावा माणूस अकरावीपर्यंत पोचायच्या आत दार लाव.

जानकीआत्या


बोरिवली
१६ सप्टेंबर २०२५

आत्या,

कुलूप लागलं. पण सरळ नाही लागलं, ते सांगतो.

रविवारीच तुझं पत्र वाचून बसलो आणि फीडला पासवर्ड लावला. बाराही जणांना वेगवेगळं नाव आणि वेगवेगळा पासवर्ड दिला, म्हणजे एकाचा फुटला तर तेवढाच बदलायचा. ज्यांच्या ॲपमध्ये पासवर्ड टाकायची सोयच नाही, त्यांना प्रत्येकी एक लांबलचक गुप्त पत्ता काढून दिला. नितेशनं त्याचा पासवर्ड तासाभरात घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "माझा हा आहे, तुमचा काय?" त्याला दुसरा दिला. जयवंतकाकांना 'बांगडा' हाच पासवर्ड पाहिजे होता. आपल्या घराला ओळखणारा कुणीही तो पहिल्या फटक्यात सांगेल, म्हणून नाही म्हटलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. त्या ॲपवाल्यांनाही लिहिलं, त्यांनी शोधातून तुझं नाव काढलं.

सोमवारी बघतो तर तेरावा ऐकतोच आहे. नववी आणि दहावी एका दिवसात. मग डोक्यात प्रकाश पडला. यादीला कुलूप लागलं तरी एकेक गोष्ट ही स्वतंत्र फाइल असते, आणि जुनी यादी त्याच्या फोनमध्ये आधीच उतरलेली. तिच्यावरून तो थेट फाइलपर्यंत जात होता. मग फाइलींनाही कुलूप लावलं. आज सकाळी त्यानं अकरावी दाबली तेव्हा दार बंद होतं.

आता वाईट बातमी. अकरावी रविवारी दुपारीच एकदा ऐकली गेली आहे. त्याच फोनवर, मधला क्रम सोडून, शेवटपर्यंत. मी तुला पत्र लिहिलं त्यानंतर आणि तुझं उत्तर यायच्या आत. सॉरी, आत्या.

अजून एक. पासवर्ड मागितल्यावर माणूस काय पासवर्ड टाकतो ते मला दिसत नाही, पण नाव काय टाकतो ते दिसतं. सकाळपासून नऊ वेळा प्रयत्न झालाय. नऊही वेळा नाव एकच आहे. विन्सेंट.

कुणी ओळखीचा आहे का तुझ्या?

हर्षद


मुलुंड पूर्व
१७ सप्टेंबर २०२५

चि. हर्षद,

नाही. या नावाचं कुणी माझ्या ओळखीचं नाही.

अकरावी गोष्ट वेबसाइटवरून काढून टाक. उद्याच्या गुरुवारी मी काही सांगणार नाही, घसा बसलाय. रुचिराला सांग काळजीचं काही नाही.

जानकीआत्या


मरोळ, अंधेरी पूर्व
२७ सप्टेंबर २०२५

आदरणीय जानकी आंटी,

तुमच्या वेबसाइटवर पासवर्ड मागणाऱ्या पानाखालीच निरोप पाठवायची चौकट दिसली, तिच्यात लिहिते आहे. मी मराठी शाळेत सातवीपर्यंतच होते, चुका झाल्या तर माफ करा.

माझं नाव शॅरन मिरांडा. ऑगस्टमध्ये माझ्या डॅडींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना पेपर वाचायला बंदी होती आणि ते घरात सगळ्यांचं डोकं खात होते, म्हणून मी त्यांच्या फोनवर मराठी गोष्टी शोधून दिल्या. तुमच्या सापडल्या. ते रोज जेवणाच्या टेबलावर सांगायचे, ही बाई खरी बोलते. डोळा बरा झाला तरी त्यांनी पेपर घेतला नाही.

चौदा तारखेला दुपारी डॅडी झोपले होते. त्यांच्या फोनवर यादीत मला 'बेकरीचा फोन' हे नाव दिसलं. आमच्या घरात बेकरीच्या फोनची एक गोष्ट आहे, म्हणून मी लावून ऐकली. मी एकटीनंच. डॅडींनी अजून ऐकलेली नाही. मी काही करायच्या आतच दोन दिवसांत तुमच्याकडून कुलूप लागलं, आणि देवाची शपथ, मला बरं वाटलं.

आंटी, माझ्या डॅडींचं नाव विन्सेंट. ते बहारीनला क्रेन चालवायचे. मम्मीचं नाव नॅन्सी. येत्या अठ्ठावीस डिसेंबरला त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला डॅडी ग्लास हातात घेऊन उभे राहतात आणि सांगतात की भर बेकरीत, पावाच्या रांगेत, नॅन्सी फोनवर हो म्हणाली, लाइन तुटली, पण एका ऑपरेटर मॅडमनं ते हो बहारीनला पोचवलं. आम्हा मुलांना ते पाठ आहे. मम्मी त्या वेळी नेहमी किचनमध्ये काहीतरी आणायला जाते. मला वाटायचं लाजते.

तुम्ही गोष्टीत म्हणालात की तुम्ही काही ऐकलं नव्हतं. मग मम्मी खरंच हो म्हणाली होती का? मला मम्मीला विचारायचं धाडस होत नाही. डॅडी मात्र रोज अकरावी दाबतात. म्हणतात, "पासवर्ड मागते ही बाई, माझं असं काय चुकलं?" त्यांना काय सांगू?

तुमची,
शॅरन


मुलुंड पूर्व
४ ऑक्टोबर २०२५

चि. शॅरन,
आशीर्वाद.

आठवडाभर उत्तर दिलं नाही. तीनदा लिहिलं की ती गोष्ट मनानं रचलेली आहे, तुमच्या घराशी तिचा संबंध नाही. तीनदा पुसलं. तुझे डॅडी म्हणतात ही बाई खरी बोलते, त्यांच्या मुलीला मी खोटं लिहायचं म्हणजे फारच झालं.

बेटा, ती मॅडम मीच. कॉलच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं माझ्याच हातानं लिहिली होती, त्यामुळे माझ्या भाच्यानं 'विन्सेंट' असं नाव कळवलं तेव्हाच मला कळलं. त्यालाही मी नाही म्हणून सांगितलं. तुझी मम्मी काय म्हणाली ते मला खरंच माहीत नाही. फोन ठेवल्याचा आवाज तेवढा मला ऐकू आला.

तुमच्या घरातली गोष्ट मी चारचौघांत नेली, याची मला फार शरम वाटते. ते चौघं घरचेच असं मी समजले होते, पण तसं समजणं हीसुद्धा माझीच चूक. ती गोष्ट आता वेबसाइटवरून काढली आहे. तुझ्या डॅडींना सांग, अकरावी खराब झाली म्हणून ऑपरेटरनं काढून टाकली. यात खोटं काही नाही.

एकच कर. तुझ्या मम्मीला हे पत्र दाखव. तुझ्या आधी मी तिची अपराधी आहे. ती म्हणेल तसं करू. ती म्हणाली की या म्हाताऱ्या बाईला दारात उभं करायचं नाही, तर तेही बरोबर आहे.

जानकी परब


मरोळ
२ नोव्हेंबर २०२५

जानकीबाईंना नॅन्सीचा नमस्कार.

शॅरननं तुमचं पत्र दिलं आणि अकरावी गोष्टही सांगितली, त्याला तीन आठवडे झाले. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं, कारण आमच्या घरात विन्सेंट तिथे कधी हात घालत नाही. दिवाळीला शेजारच्यांचा फराळ आला, तो संपला, मग लिहायला बसले. मला ईमेल जमत नाही, मी कागदावर लिहिते, शॅरन फोटो काढून पाठवेल.

बाई, मी हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. संध्याकाळचे पाव निघायची वेळ होती. माझ्यामागे दहा-बारा माणसं उभी, त्यांत पुढे माझी चुलत सासू झालेली बाईही. सगळ्यांचे कान माझ्याकडे. अशा ठिकाणी कुणी लग्नाचं विचारतं का? मी फोन ठेवला, पाव घेतले आणि घरी आले. फोन परत वाजला असेल तर मी तेव्हा गल्लीत पोचले होते.

घरी दोन दिवस विचार केला आणि त्याला पत्र लिहिलं. लिहिलं की सही कर, दोन वर्षं थांबू. मी नुकताच शिवणाचा कोर्स सुरू केला होता, मला तो पुरा करायचा होता. पत्र टाकलं आणि आठव्या दिवशी विन्सेंट दारात उभा. दाढी वाढलेली, दोन्ही हातांत सामान, असा खूश की काही विचारू नका. म्हणाला, "तू हो म्हणालीस, मी आलो." मला वाटलं, म्हणालेही असेन. त्या गोंगाटात तोंडातून गेलं असेल. मग घरचे आले, फादर आले, तारीख ठरली. माझं पत्र बहारीनहून फिरून परत आलं ते लग्नानंतर. मी ते चुलीत टाकलं. चाळीस वर्षं कुणाला बोलले नाही. तुमच्या नोकरीत तुम्ही जे पाळलंत तेच मी घरात पाळलं.

गोष्टीत तुम्ही विचारता, नांदले असतील का. कोर्स मी लग्नानंतर पुरा केला, विन्सेंट मला रोज साकीनाक्यापर्यंत सायकलवर सोडायचा. तीन मुलं झाली. मला पस्तावा झाला का? दोनदा झाला असेल. एकदा त्यानं न विचारता बकरी आणली तेव्हा, आणि दुसऱ्या वेळी तो सगळ्यांसमोर गाणं म्हणाला तेव्हा. तुम्ही माझ्या गळ्यात जे बांधलंत ते चांगलं निघालं. पण न विचारता बांधलंत. हे मला एकदा कुणाला तरी सांगायचं होतं, ते सांगितलं.

विन्सेंटला यातलं काही कळू देऊ नका. तो त्या 'हो'वर जगतो. प्रत्येक वर्षी ते सांगताना त्याचा चेहरा बघायला मला आवडतं, आणि बघितला की खोटं बोलतेय असं वाटतं, म्हणून मी किचनमध्ये जाते.

अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी जेवायला या. त्याला सांगितलंय की गोष्टी सांगणाऱ्या बाई येणार आहेत, तर तो आत्तापासून पडदे धुतोय. आणि मला तुमच्या गोष्टींचा एक पासवर्ड द्या. विन्सेंटला नको, मला. सगळ्या ऐकायच्या आहेत, तो नेहमी मोठ्यानं लावायचा पण मध्ये बोलायचा.

नॅन्सी


मुलुंड पूर्व
५ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षद,

सप्टेंबरात तू विचारलंस, विन्सेंट ओळखीचा आहे का, आणि मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. सोबत दोन पत्रं पाठवते आहे, शॅरनचं आणि नॅन्सीचं. दोघींना विचारूनच पाठवते आहे, हे मी आता शिकले. वाच म्हणजे कळेल.

नॅन्सीला एक पासवर्ड काढून दे. तिच्या नावाचा, स्वतंत्र. आणि अठ्ठावीसला माझ्याबरोबर मरोळला चल. मी एकटी गेले तर दारातून परत फिरेन.

आत्या


बोरिवली
७ नोव्हेंबर २०२५

आत्या,

दोन्ही पत्रं वाचली. मग रुचिरानं वाचली. तिनं पोळी करपवली.

नॅन्सी आंटींचा पासवर्ड सोबत आहे, चार शब्दांचा. त्यांच्या घराशी, नवऱ्याशी, बकरीशी त्या शब्दांचा काही संबंध नाही, त्यामुळे विन्सेंट अंकलना तो सात जन्मांत सापडणार नाही. त्यांच्या ॲपमध्ये तो एकदा टाकला की पुन्हा विचारणार नाही.

अठ्ठावीसला मी नाही येऊ शकत, त्या आठवड्यात कंपनी मला हैदराबादला पाठवते आहे. रिक्षा बुक करून देतो. तू दारातून फिरणाऱ्यातली नाहीस. लाइन तुटली तर परत लावणाऱ्यातली आहेस.

एक मनात आलं ते लिहितो. मी तुझ्या गोष्टींना कुलूप लावू शकतो, कारण त्या कुठे ठेवल्या आहेत ते मला माहीत आहे. पण विन्सेंट अंकलना काय माहीत आहे आणि काय नाही, हे तुम्ही तिघी मिळून ठरवताय. त्यांना कुणी विचारलंय का?

हर्षद


मुलुंड पूर्व
२९ डिसेंबर २०२५

चि. हर्षद,
आशीर्वाद.

जाऊन आले. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील आत्या शेवट आधी सांगते.

मरोळला गावठाणाच्या तोंडाशी रिक्षा सोडली. शॅरन घ्यायला आली होती. उंच मुलगी, चष्मा, भरभर बोलते. घर अरुंद पण दुमजली, नाताळचे तारे अजून टांगलेले, पडदे पांढरे स्वच्छ. अंगणात मांडव घालून पन्नासेक माणसं बसली होती. मी कुणाकडे न बघता सरळ किचनमध्ये गेले. नॅन्सी तिथे फुगे तळत होती. आपल्या वड्यासारखे, पण पोकळ आणि गोल. ठेंगणी आहे, केस अजून काळे. मला बघून झारा ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "आवाजावरनं तुम्ही उंच वाटत होतात."

मी म्हटलं, "आधी माझं ऐकून घे," आणि तेवढ्यात विन्सेंट आत आला. कोट घातलेला, डोक्याला तेल. माझ्याकडे बघून थांबला. मी नमस्कार केला, म्हटलं, "मी जानकी परब, मुलुंडहून."

तो म्हणाला, "मॅडम, परत एकदा बोला."

मी म्हटलं, "काय बोलू?"

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "पहिल्या गोष्टीपासून मला वाटत होतं. 'नमस्कार, जानकी बोलतेय' असं म्हणता ना, त्यातलं ते बोलतेय. बहारीनला मी तेच ऐकलं होतं. अकरावीचं नाव वाचलं तेव्हा खात्री झाली. पासवर्ड मागायला लागली तेव्हा तर पक्कीच झाली."

हर्षद, तू पत्रात विचारलं होतंस ते माझ्या डोक्यात दीड महिना बसलं होतं. नॅन्सीकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. पण मी म्हटलं, आता पुन्हा मध्ये पडून कुणाच्या वतीनं बोलायचं नाही, फक्त माझं बोलायचं. मी म्हटलं, "विन्सेंट, मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं ती हो म्हणाली. ते मी ऐकलं नव्हतं. मला माफ करा."

तेल तडतडत होतं. नॅन्सीनं गॅस बंद केला.

विन्सेंट म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?" हे नॅन्सीनं विचारलं.

"की मॅडमनी ऐकलं नव्हतं. जरा थांबून म्हणाल्या ना. ऐकलं असतं तर लगेच म्हणाल्या असत्या. आणि तू फोन ठेवल्याचा आवाज मलाही आला होता."

नॅन्सी म्हणाली, "मग सही का नाही केलीस?"

"करायचीच नव्हती. उन्हात क्रेनवर दोन वर्षं झाली होती. कुणीतरी ये म्हणायला पाहिजे होतं. मॅडम म्हणाल्या."

"आणि चाळीस वर्षं लोकांना माझं नाव सांगतोस?"

"तू कधी नाही म्हणालीस का? दरवर्षी मी उभा राहतो, वाटतं आज म्हणेल, विन्सेंट, मी असं बोलले नव्हते. तू किचनमध्ये जातेस. मी म्हटलं, मग म्हणाली असेल."

मग नॅन्सीनं त्याला त्या पत्राचं सांगितलं. सही कर, दोन वर्षं थांबू. हे मात्र त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं, झालं, जानकी, चाळीस वर्षांनी पुन्हा घोटाळा केलास. मग तो म्हणाला, "कुठे आहे ते पत्र?" ती म्हणाली, "चुलीत टाकलं." तो म्हणाला, "बरं झालं मी त्याच्या आधी निघालो." आणि हसायला लागला. इतका हसला की कोटाचं बटण तुटलं. नॅन्सीही हसली, पण तिला आधी रडू आलं आणि मग हसू. तिनं मला एक फुगा हातात दिला, म्हणाली, "खा, गार होईल." एवढीच माफी मिळाली. मला तेवढी पुरली.

बाहेर आलो. सगळे वाट बघत होते, ग्लास भरलेले. विन्सेंट एका बटणाचा कोट घालून उभा राहिला. शॅरन माझ्या शेजारी, तिनं माझा हात घट्ट धरला होता, तिला आत काय झालं ते माहीत नव्हतं. नॅन्सी नेहमीप्रमाणे किचनकडे वळली, मग थांबली, परत आली आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

विन्सेंट म्हणाला, "पंच्याऐंशी साली बहारीनहून बेकरीत फोन केला. लग्न करशील का म्हणून विचारलं. लाइन तुटली." सगळ्यांना पुढचं पाठ होतं, काहींनी ग्लास उचललासुद्धा. तो म्हणाला, "ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. म्हणून विचारायला आलो."

तो तिच्याकडे वळला, वाकला आणि म्हणाला, "तू अजून सांगितलेलं नाहीस."

नॅन्सी उठली. त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, त्यातला एक घोट स्वतः घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी जेवून घ्या सगळे. तोपर्यंत मी विचार करते."

मटण झकास झालं होतं.

आत्या